गोठ्यातलं कार्ड

बाराशे लारी.
औषधाच्या दुकानातल्या वर्षभराच्या रात्रपाळ्या
कफ सिरपच्या रिकाम्या खोक्यात.
आई म्हणते, ह्यात वॉशिंग मशीन येतं.
येतं. मी कुठे नाही म्हटलं.

वहीच्या मागच्या पानावर
आधी प्रोसेसर लिहिला: सहा कोअरचा, वापरलेला, एकशे ऐंशी.
आठ कोअरच्या एकाने आठवडाभर झोप उडवली होती,
पण त्याला मदरबोर्ड तोलामोलाचा हवा,
मदरबोर्डला पंखा तसा,
एकटं कुणी येतच नाही,
सगळे वऱ्हाड घेऊन येतात.

म्हणून साधा बोर्ड, एकशे सत्तर.
रॅम नव्वद, दोन पट्ट्या.
एकच मोठी घेतली तर पाच लारी वाचतात,
पण लंगडी घालत शर्यत कोण जिंकतं?
एसएसडी शंभर.
पॉवर सप्लायला मात्र हात आखडला नाही.
एलियावा बाजारातला ओतार म्हणाला,
हा ने साठला, नवाच समज.
'नवाच समज'ची भीती मला दुकानाने शिकवली:
मुदत संपलेल्या गोळ्याही
कुणीतरी नव्याच समजत असतं.
दुसरीकडे एकशे साठ मोजले, पावतीसकट.
कॅबिनेट चाळीस. बुडालेल्या एका बँकेचं,
कुशीवर अजून त्यांचा नोंद क्रमांक.
तो मी खरवडला नाही.

उरले चारशे साठ
आणि नवरदेव अजून यायचाच होता.
काचेमागच्या नव्या ग्राफिक्स कार्डाचा भाव
बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त.
नाकापेक्षा मोती जड,
आणि नाक तरी कुठे धड जोडलं होतं.

मग जुंबेर भेटला.
दिदुबे स्थानकावर, सकाळच्या मिनीबसमधून उतरलेला,
स्वानेतीतल्या कुठल्याशा वरच्या गावाहून,
घोंगडीत गुंडाळलेली सहा कार्डं
आजारी कोकरांसारखी काखेत धरून.
गोठ्यात नाणी खणायचो, म्हणाला.
दोन वर्षं. गाई उबेला राहायच्या, दूध वाढलं होतं.
मग गावातले दिवे जायला लागले,
शाळेतले, दवाखान्यातले,
शेवटी पाद्री आले आणि आम्हाला
प्रतिमेवर हात ठेवून शपथ घ्यावी लागली.
पाचशे.
मी चारशे साठ पुढे केले.
त्याने मोजले, परत मोजले, दहा परत दिले,
म्हणाला, परतीच्या वाटेवर खाचापुरी खा,
पण ह्याला पुन्हा खणायला लावू नकोस.
मी त्या गर्दीत, कुठलीच प्रतिमा नसताना,
हात उगाच बॅगेवर ठेवून हो म्हटलं.

घरी उघडलं.
पंख्याच्या पात्यांत गवताची काडी,
धातूच्या पापुद्र्यांत तांबूस केस, शेणाचा वास.
आईने नाकाला पदर नाही, सरळ खिडकी लावली:
आधी बाहेरच्या गॅलरीत ने ते.
स्पिरिट, जुना टूथब्रश, कापूस.
थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका.
आणि पुसता पुसता लक्षात आलं:
हे जन्मलं चित्र काढायला,
आणि दोन वर्षं रात्रंदिवस राबताना
ह्याने एकही चित्र काढलेलं नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं. काही नाही.
दुसऱ्यांदा पंखे फिरले, पडदा काळा.
वाखो, माझा भाऊ, दारात उभा राहून
वॉशिंग मशीनची जाहिरात मोठ्याने वाचत होता.
रॅमची एक पट्टी नीट बसली नव्हती.
अंगठ्याने दाबली. टक.

रविवारी जुंबेरचा फोन.
चालतंय?
चालतंय. साठ येतात.
साठ काय?
चित्रं. सेकंदाला.
पलीकडे बराच वेळ नुसती घंटा, गाईच्या गळ्यातली.
आणि दिसतं काय त्यांत?
मी पडद्याकडे पाहिलं.
बर्फ, म्हटलं. डोंगर, आणि बर्फ पडतोय.
तो इतका हसला की खोकला आला.
पोरी, म्हणाला, साडेचारशे लारी!
इथे वर यायचंस, मी फुकट दाखवला असता.
आणि मग, जरा थांबून:
कसा पडतोय? तिरपा?